पहिली पावती आपली

आमच्या घरात एक नियम आहे, आणि तो का आहे हे विचारायचं नाही, असा त्याचाच पोटनियम आहे. नियम असा : पहिली पावती आपली.

श्रीरामपुरात आमची एका गाळ्यात मावणारी प्रिंटिंग प्रेस आहे. एक आजोबांच्या काळातलं ट्रेडल छपाईयंत्र, एक ऑफसेट, एक कटिंग मशीन आणि बसायला चार खुर्च्या, त्यातल्या दोन कायम पत्रिकांच्या गठ्ठ्यांनी अडवलेल्या. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं सगळं छापतो, पण आमचा खरा सीझन वर्गणीचा. गणपती असो, सप्ताह असो, उरूस असो, नाताळ असो, नाहीतर टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा असो, वर्गणी मागायला निघणारा माणूस आधी पावतीपुस्तकं छापायला आमच्याकडे येतो. बाकीच्या दुकानदारांच्या दारात देणगीवाले उभे राहतात. आमच्याकडे ते गिऱ्हाईक म्हणून आत येतात, चहा पितात, बिलात सूट घेतात आणि जाताना आमच्याच पुस्तकातली पहिली पावती आमच्याच नावाने फाडून जातात! का? तर प्रेसवाल्याच्या हाताला गुण आहे. त्याच्या नावाने सुरुवात केली की वर्गणी भरभरून येते.

"असं कोण म्हणतं?" मी शाळेत असताना अण्णांना, म्हणजे वडिलांना, विचारलं होतं.

"मोठी माणसं म्हनत्यात."

"मोठी माणसं म्हणजे तुम्हीच ना?"

"तू पत्रिकांच्या घड्या घाल."

एम.कॉम. करून दोन वर्षांपूर्वी प्रेसमध्ये बसायला लागले, तेव्हापासून कटिंग मशीनखाली कागदाच्या पट्ट्या साठाव्यात तसे या पहिल्या पावतीचे किस्से माझ्याकडे साठलेत. पट्ट्या निदान रद्दीत जातात. किस्से कुठे टाकणार? म्हणून सांगते.

*

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. क्रिकेटवाली चार-पाच पोरं आली. हँडबिलं आणि पावतीपुस्तकं दोन्ही हवी होती. अण्णा श्रीगोंद्याला लग्नाला गेलेले, म्हणून काउंटरवर बापूकाका. बापूकाका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. प्रेसमध्ये ते नक्की काय काम करतात हे मला अजून कळलेलं नाही, पण त्यांच्याशिवाय एकही काम बिघडत नाही!

"काका, पहिली पावती तुमची," पोरं म्हणाली.

"लिवा की. पर आपलं नाव हँडबिलावर पायजे. ठळक!"

हँडबिलं छापून गावभर वाटली गेली. आठ दिवसांनी आई भाजी आणायला गेली आणि भाजीवालीने विचारलं, "वहिनी, बोकड केवढ्याला बसलं?"

पोरांनी काकांची इच्छा अक्षरशः पूर्ण केली होती. सगळ्यात ठळक ओळ होती, 'प्रथम पारितोषिक : एक बोकड.' आणि त्याखाली तेवढ्याच टायपात, 'सौजन्य' म्हणून आमची प्रेस!

माझी आई माळकरी आहे. तिच्यासमोर कांदा चिरायलाही आम्ही परवानगी घेतो. ती तडक प्रेसमध्ये आली, हँडबिल काउंटरवर आपटलं आणि दोन आठवडे अण्णांशी बोलली नाही. अण्णा बिचारे लग्नाला गेलेले! त्याहून वाईट म्हणजे पुढचा महिनाभर लांबलांबच्या वाडीवस्तीवरून माणसं येऊन काउंटरवर विचारायची, "बोकडं हितंच मिळत्यात का?"

आणि ते हँडबिल छापलं कोणी? आम्हीच. प्रूफ तपासलं कोणी? बापूकाकांनी!

*

वरच्या आळीतलं एक मंडळ फुटलं. भांडण कशावरून झालं ते त्यांनाही आठवत नाही, पण दोन्ही गटांना नाव तेच हवं होतं. एक गट सकाळी आला, त्याने नावापुढे 'जुने' छापून घेतलं. दुसरा दुपारी आला, त्याने 'मूळ'. दोघांनीही पहिली पावती आमच्या नावाने फाडली. अण्णांनी दोघांना सारखेच पैसे दिले. आता कोणालाही वाटेल, मिटलं.

संध्याकाळी 'मूळ'वाले परत. "अण्णा, जुन्याला जेवढं दिलं तेवढंच आमाला? आमी मूळ हाय!"

"मग काय करू?"

"एक रुपया जास्त द्या. मानाचा."

अण्णांनी दिला. दुसऱ्या दिवशी 'जुने'वाले हजर. "त्यांना एक रुपया जास्ती दिला म्हनं?" अण्णांनी त्यांना दोन दिले. तिसऱ्या दिवशी 'मूळ'... सहा दिवस हे चाललं! मी सातव्या दिवशी म्हटलं, "अण्णा, नाही म्हणा. एक शब्द आहे, दोन अक्षरी."

"तुला न्हाई कळायचं. मान असतो एकेकाचा."

कोपऱ्यात जोसेफमामा पुस्तकांच्या पाठींना खळ लावत होते. ते आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे बाइंडिंग करतात आणि दिवसातून चार वाक्यं बोलतात. त्यातलं एक त्यांनी तेव्हा वापरलं.

"अण्णा, रुपयाला दोरी बांधा. दोन्हीकडनं वढायला बरं पडंल."

*

इथपर्यंत मी हसत होते. पुढचं ऐका.

आमच्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, दोन्हीतलं एकही चालत नाही. मागच्या वर्षी पुस्तकं न्यायला आले तेव्हा त्यांनी आणि बापूकाकांनी मिळून एक युक्ती काढली. पावतीपुस्तकात पावती फाडून दिली तरी तिचा जोडतुकडा पुस्तकातच राहतो. पुढच्या माणसाला तोच उघडून दाखवतात : बघा, यांनी एवढे दिले, आता तुम्ही बोला. म्हणजे पहिल्या तुकड्यावरचा आकडा हा सगळ्या गल्लीचा भाव!

"म्हनून पाच हजार लिवा," भाऊसाहेब म्हणाले. "द्या पाचशेच. तुमचं नाव मोठं, आमचं काम सोपं."

"लई भारी!" बापूकाकांनी मांडीवर थाप मारली. "अशू, लिही गं. तुझं अक्षर चांगलंय."

मी लिहिलं. मला हे खोटं आहे हे कळत होतं, पण वाटलं, कोणाचं काय जातंय? मोठ्या माणसांचा खेळ आहे. माझं अक्षर खरंच चांगलं आहे.

आमच्या समोर शालनमावशींचं पिको-फॉलचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. पायाने मारायची मशीन आणि गुडघा दुखरा. एक मोटरवाली पिको मशीन त्यांनी नेवाशाच्या एका दुकानदाराकडे सांगून ठेवली होती, सेकंडहँड, आणि त्यासाठी त्या साड्यांच्या फॉलमागून फॉल लावत पैसे बाजूला टाकत होत्या. गणपती होऊन गेले तरी मशीन आली नाही. मी विचारलं, "मावशी, मशीनचं काय झालं?"

"आता पुढच्या वर्षी गं."

"का?"

"वर्गणीला दोन हजार गेले ना. पोरं म्हनली, समोरच्या प्रेसवाल्यांनी पाच हजार दिलेत, तुमी गल्लीतल्याच, पाचशे काय देता? मला खरं वाटंना. म्हनलं, दाखवा पुस्तक. बघितलं तर तुझं अक्षर." त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली. "म्हनलं, पोरगी शिकलेली हाय, ती खोटं कशाला लिहील?"

घरी येऊन मी जेवले नाही. सकाळी मात्र उठून बोर्ड छापला.

*

बोर्ड असा होता : 'देणगीसाठी लेखी अर्ज करावा. अर्ज फक्त शनिवारी स्वीकारले जातील. काम काय, कोणासाठी आणि मागच्या वर्षी काय केले, ते लिहावे. शक्य ती मदत छपाई व कागदाच्या रूपाने केली जाईल.'

अण्णांनी तो दोनदा वाचला. "हे बँकेवानी दिसतंय."

"दिसू द्या."

"लोक काय म्हनतील?"

"लोक अर्ज लिहितील!"

पहिल्या शनिवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या शनिवारी दुकानाबाहेर चक्क रांग! मी हरखून गेले. अण्णांना म्हटलं, बघा, शिस्त लावली की लागते. मग एकेकाच्या हातातला अर्ज बघितला. सगळे सारखे. छापील. वर किनार, मध्ये गुलाबाचं फूल, खाली 'आपला नम्र'.

"हे कुठून आणले?"

रांगेतल्या पहिल्याने मागे बोट दाखवलं. प्रेसच्या मागच्या दाराशी बापूकाका स्टूल टाकून बसले होते. अर्जाचा फॉर्म, पाच रुपये!

"काका!"

"धंदा हाय पोरी," काका म्हणाले. "तूच म्हनतीस ना, शिक्षणाचा उपयोग करा."

*

नाताळच्या आधीच्या शनिवारी मात्र रांगेत शेवटी जोसेफमामा उभे होते. अंगावर खळीचे डाग असलेला कामाचाच शर्ट, हातात कागद. चर्चमधल्या मुलांच्या गाण्याच्या पुस्तिकेसाठी अर्ज. हाताने लिहिलेला. काकांचा फॉर्म नव्हे!

"मामा, तुम्ही कशाला रांगेत? आत या ना."

"न्हाई ताई. नियम म्हंजे नियम."

माझा नियम पाळणारा गावातला पहिला माणूस मिळाला, तो आमच्याच पगारावर होता! पुस्तिका आम्ही फुकट छापून दिली. मामांनी बाइंडिंग करताना शिलाई दुहेरी घातली आणि त्या दिवशी चार वाक्यांचा हिशेबही मोडला.

"तुमचे आजोबा असंच करायचे."

"आजोबा? त्यांनीच तर पहिली पावती सुरू केली!"

"सुरू केली. सव्वा रुपया. लिहायचे सव्वा, द्यायचे सव्वा. कुनी आकडा वाढवा म्हनलं की पेन खाली ठेवायचे."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा ट्रेडलला तेल घालत होते. त्याला सकाळीच घातलं होतं.

*

एक अर्ज सगळ्यात वेगळा आला. जवळच्या वस्तीवरच्या अंगणवाडीच्या ताई. लिहिलं होतं, 'रोख नको. तुमच्या मशीनखालच्या पट्ट्या आणि खराब निघालेली पानं द्या. मुलांना लिहायला वह्या नाहीत.'

"ह्ये देनगी झालं व्हय?" बापूकाकांनी विचारलं. "ह्यात आपलं नाव कुठंय?"

"नाही. कुठेच नाही."

"मंग काय उपेग?"

मामांनी एका बाजूने कोऱ्या असलेल्या पानांच्या छोट्या छोट्या वह्या बांधून दिल्या. दुसऱ्या बाजूला अर्थातच छपाई होती, आमच्याकडे वर्षभर जे वाया जातं ते, म्हणजे लग्नपत्रिका. दोन महिन्यांनी ताई परत आल्या, हसू दाबत.

"काय झालं? कागद पुरला नाही?"

"पुरला हो! पण माझी पोरं 'अ अननसाचा' शिकायच्या आधी 'चि. सौ. कां.' वाचायला लागली! काल साहेब तपासणीला आले. एकाला विचारलं, बाळ, काय येतं तुला? तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!"

त्या दिवशी अण्णा हसले. मोठ्याने. मला वाटलं, जमतंय आपलं.

*

मग या वर्षीचे गणपती आले.

गल्लीच्या मंडळाची पुस्तकं छापून झाली. पावत्यांवर क्रमांकाचे आकडे टाकायचं काम माझ्याकडे असतं. त्याचं एक हातात मावणारं लोखंडी यंत्र आहे. वरून दाबलं की खट्, पावतीवर आकडा. पुन्हा खट्, जोडतुकड्यावर तोच आकडा. मग पुढचा आपोआप वर येतो. शंभर पानांचं पुस्तक, दोनशे वेळा खट्. मनगट भरून येतं, पण डोकं मोकळं असतं. त्या दुपारी मी त्या मोकळ्या डोक्याने बराच विचार केला.

आदल्या दिवशी शालनमावशी काउंटरवर येऊन गेल्या होत्या. मशीनचे पैसे पुन्हा जमले होते. नेवाशाचा दुकानदार आठ दिवस थांबायला तयार होता.

"अशू, यंदा तुमी किती लिवनार गं?" त्यांनी विचारलं होतं. बास, एवढंच. उत्तराला थांबल्या नाहीत.

माझे आकडे टाकून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब आले. बरोबर मंडळाचे दोन जुने सल्लागार. अण्णांनी खुर्च्यांवरचे गठ्ठे उचलले. चहा आला. बापूकाकांनी नारळ आणला, पहिल्या पुस्तकाला हळद-कुंकू वाहिलं. सगळं रीतीप्रमाणे.

"यंदा मंडळाचं मोठं वरीस हाय," भाऊसाहेब म्हणाले. "एकवीस हजार लिवायचे."

"आणि द्यायचे?" मी विचारलं.

"ते आमचं आमी बघू. तू लिही."

"अशू," अण्णा हळूच म्हणाले, "लिही. वाद नको."

मी पेन उचललं नाही. भाऊसाहेबांनीच पुस्तक ओढलं, कव्हर उलटलं आणि बोट कोपऱ्यातल्या आकड्यावर ठेवलं. मग डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं.

"हे काय? दोन? एक नंबर कुठाय?"

"छापला नाही."

"चुकून ऱ्हायला?"

"मुद्दाम."

बापूकाकांनी पुस्तक घेतलं, झटकलं, उलटं धरून पानं खाली लोंबू दिली, जणू एक नंबर आत कुठे अडकून बसलाय आणि खाली पडेल!

"अगं, पर हिशेब कसा द्यायचा?" एक सल्लागार म्हणाले. "लोक इचारतील, एक कुठं गेला?"

"मागच्या वर्षीच्या पाच हजारांचं कोणी विचारलं होतं?"

सल्लागारांनी चहाचा कप तोंडाला लावला. तो रिकामा होता.

"पोरी," भाऊसाहेबांचा आवाज चढला, "ही तुमच्या आजोबांपासूनची रीत हाय. आमाला नको शिकवू."

"आजोबांची रीत सव्वा रुपयाची होती. लिहायचे तेवढे द्यायचे. मामांना विचारा."

मामांनी खळीच्या डब्यातून मान वर केली नाही. पण हातातला ब्रश थांबला.

"आमची देणगी मिळेल," मी म्हटलं. "कागद, छपाई, जमतील तेवढे रोख. पण पहिली पावती आमची नाही. शेवटची आमची. सगळ्या गल्लीने आपापल्या मनाने दिलं की मग या. जेवढे देऊ तेवढेच लिहीन. खोटा आकडा या हाताने पुन्हा लिहिणार नाही."

"अण्णा, ऐकताय का?" भाऊसाहेब अण्णांकडे वळले. "पोरगी तुमच्यासमोर बोलतीय!"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, पत्रिकांच्या घड्या घाल. त्यांनी मात्र गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते पुस्तक बघू लागले.

"पन कुनाच्या तरी नावानं सुरुवात करावी लागंल ना!" बापूकाका म्हणाले. "तशी मोकळी पुस्तकं घेऊन गल्लीत कसं फिरायचं?"

हे मात्र काकांचं बरोबर होतं. मी पुस्तक पुढ्यात घेतलं. पेनचं टोपण काढलं. आणि दोन नंबरच्या पावतीवर, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात, नाव लिहिलं : 'श्री. भाऊसाहेब, अध्यक्ष.' पुस्तक त्यांच्याकडे फिरवलं, म्हणजे त्यांना वाचता यावं.

"गल्लीत सगळ्यात मोठा मान तुमचा," मी म्हटलं. "बोला, किती लिहू? जेवढे आत्ता देणार तेवढेच."

भाऊसाहेबांचा हात खिशाकडे गेला आणि दोन पेनांपाशी थांबला. एका सल्लागारांनी छताकडे बघितलं, दुसऱ्यांनी नारळाकडे. मी पेन रुपयांच्या रकान्यावर टेकवून बसले. समोरून शालनमावशींच्या पायमशीनचा आवाज येत होता, तेवढाच.